आवाज नवा करा, लय सरळ करू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत जुन्या हेवी मेटल गाण्यांच्या नव्या अवतारांवर लेख आला होता. लेख आवडीनं लिहिलेला होता, आणि मराठी वर्तमानपत्रात या संगीताला अर्धं पान मिळालं याचा मला मनापासून आनंद झाला. पण त्यातलं एक विधान माझ्या डोक्यातून जात नाही. सत्तरच्या सुमारास या बँडना धड यंत्रं मिळाली नव्हती, आजच्या तंत्रानं तीच गाणी पुन्हा केली की ती जशी व्हायला हवी होती तशी ऐकू येतात, असं लेखकानं म्हटलं आहे. मीही बरीच वर्षं हेच मानत होते. मग एक गाणं स्वतःच्या हातानं तसं करून बघितलं आणि माझं मत बदललं. ते कसं बदललं, एवढंच सांगायला हे पत्र लिहिते आहे. जागा कमी पडली तर काहीही कापा, पण ठेक्याबद्दलचा मजकूर तेवढा ठेवा.

मी व्यवसायानं ध्वनिसंपादक आहे. दिवसभर बोलक्या पुस्तकांचं काम करते. वाचणाऱ्याचा खोकला काढायचा, खुर्चीची करकर काढायची, अडखळलेलं वाक्य जोडायचं. आणि ड्रम्स वाजवते, त्याला सव्वीस वर्षं झाली. 'ब्लॅक सॅबथ' या बँडचं त्याच नावाचं गाणं मी पहिल्यांदा ऐकलं ते एका कॅसेटवरून दुसरीवर आणि दुसरीवरून तिसरीवर उतरवलेलं. आमचा कॅसेट प्लेअर जरा जलद पळायचा. त्यामुळे कितीतरी वर्षं ते गाणं मी मूळ सुरापेक्षा जवळजवळ अर्धा स्वर वर ऐकत होते आणि ते तसंच आहे असं समजत होते. पुढे सीडी मिळाली तेव्हा सुरुवातीची घंटा ऐकूनच मला काहीतरी बिनसल्यासारखं वाटलं. बिनसलं काहीच नव्हतं, मी पहिल्यांदा खरं गाणं ऐकत होते. म्हणून मूळ ध्वनिमुद्रणाला कुणी बोटही लावू नये, असं म्हणणाऱ्यांतली मी नाही. माझ्या मनातलं मूळ तर प्लेअरच्या पट्ट्यानं बिघडवलेलंच होतं, तरी त्यानं मला ड्रम्सपर्यंत आणून सोडलं.

ज्यांनी हे गाणं ऐकलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. बर्मिंगहॅमची चार तरुण मुलं. गिटारवर टोनी आयोमी, बासवर गीझर बटलर, ड्रम्सवर बिल वॉर्ड आणि गायला ऑझी ऑस्बोर्न. ऑक्टोबर १९६९ मध्ये लंडनच्या रीजंट साउंड स्टुडिओत त्यांनी आपला पहिला अल्बम जवळपास एका दिवसात ध्वनिमुद्रित केला. निर्माता रॉजर बेन, ध्वनिमुद्रक टॉम ॲलम. हे दुसरं नाव लक्षात ठेवा, त्याच्याकडे मी परत येणार आहे. हाताशी चार ट्रॅकचं यंत्र, म्हणजे चारच आवाज वेगवेगळे टिपता येणारं. चौघं एकत्र वाजवत होते, गाणं त्याच वेळी गायलं जात होतं, मागून भरलेल्या गोष्टी अगदी थोड्या. पाऊस, ढगांचा गडगडाट आणि घंटा नंतर घातली. १३ फेब्रुवारी १९७० ला अल्बम बाजारात आला.

गाण्याचा मुख्य रिफ, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारा सुरांचा तुकडा, तीन सुरांचा आहे. खालचा षड्ज, मग थेट वरचा षड्ज, आणि मग तीव्र मध्यम. हा तीव्र मध्यम दोन्ही षड्जांच्या बरोबर मध्ये येतो, खालून सहा अर्धस्वर, वरून सहा अर्धस्वर. कुठल्याच बाजूला त्याला घर नाही. त्यावर आयोमी सूर थरथरवत ठेवतो आणि मधल्या रिकाम्या जागेत बिल वॉर्डचे ड्रम्स घरंगळत येतात. गाण्याची भीती त्या तीन सुरांत आहे असं सगळे म्हणतात. मला विचाराल तर ती सुरांच्या मधल्या जागेत आहे. पण हे मला पुढे कळलं.

हा रिफसुद्धा हवेतून आलेला नाही. गीझर बटलरला इंग्लिश संगीतकार गुस्ताव होल्स्टच्या 'द प्लॅनेट्स' मधला 'मार्स' फार आवडायचा, तो त्याचे सूर बासवर वाजवत असे, आणि त्यावरूनच आयोमीला हे तीन सूर सुचले. होल्स्टनं पहिल्या महायुद्धाच्या काळात लिहिलेलं वाद्यवृंदाचं संगीत, अर्ध्या शतकानंतर चार पोरांच्या ॲम्पमधून, म्हणजे आवाज मोठा करणाऱ्या यंत्रातून, बाहेर पडलं. तेव्हा जुनी गोष्ट नव्या आवाजात करणं हे या संगीताच्या जन्मापासूनच आहे. त्याला माझा विरोध कसा असेल?

आता माझा प्रयोग. गेल्या वर्षी माझ्या गिटारिस्ट मित्राबरोबर मी हे गाणं नव्यानं केलं. २००० नंतरच्या मेटलमध्ये जो घट्ट, भिंतीसारखा आवाज असतो, तो आम्हाला हवा होता. त्यासाठी काय काय करतात ते वाचकांना थोडं माहीत असावं म्हणून सांगते. एकच गिटार चार वेळा वाजवून दोन डाव्या कानात, दोन उजव्या कानात ठेवतात. ॲम्प बहुतेकदा संगणकातला असतो. किक ड्रमच्या, म्हणजे पायानं वाजवायच्या मोठ्या ड्रमच्या, प्रत्येक ठोक्यामागे आधीच तयार ठेवलेला ठोका चिकटवतात, त्यामुळे प्रत्येक ठोक्याला काचेवर नख मारल्यासारखी कड येते. हे सगळं क्लिकवर, म्हणजे कानात टकटक करणाऱ्या ठरीव वेगावर वाजवायचं, आणि तरी जे पुढेमागे होईल ते संगणकातल्या ग्रिडवर, म्हणजे सारख्या अंतरावर आखलेल्या रेघांवर, ओढून बसवायचं.

गाणं आम्ही तीन अर्धस्वर खाली नेलं. आयोमीनंही १९७१ च्या 'मास्टर ऑफ रिअ‍ॅलिटी' पासून काही गाण्यांत गिटार तीन अर्धस्वर खाली उतरवली होती, त्यामुळे त्यात काही पाप वाटलं नाही. त्याची कारणं वेगळी होती. सतराव्या वर्षी पत्र्याच्या कारखान्यात, कामाच्या शेवटच्या दिवशी, त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं यंत्रात गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबणारा हात तोच. प्लॅस्टिकची बाटली वितळवून त्यानं बोटांना टोपणं केली, त्यावर कातडं चढवलं, हलक्या तारा लावल्या. तारा सैल केल्या की त्या बोटांना सोपं जायचं. आज आपण ज्याला 'जड आवाज' म्हणतो त्याच्या मुळाशी दुखणाऱ्या बोटांना सोसवेल असं काहीतरी शोधणं आहे. हे मला नेहमी आठवतं, आणि कुणी यंत्रांच्या कमतरतेबद्दल बोलायला लागलं की जास्तच आठवतं.

सूर खाली गेला तरी रिफचं काही बिघडलं नाही. षड्ज हलवला की तीव्र मध्यम त्याच्याबरोबर हलतो, नातं तेच राहतं. गिटारचा पोत बदलला, तरीही काही बिघडलं नाही. मी ड्रम्स वाजवले, ग्रिडवर बसवले, ठोके बदलले, मास्टरिंग, म्हणजे आवाजावरचा शेवटचा हात, केलं. स्पीकरच्या कागदाला कंप सुटावा इतका दणदणीत आवाज झाला. आम्ही दोघं शेजारी बसून पूर्ण गाणं ऐकलं. संपल्यावर मित्र बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "सगळं बरोबर आहे गं. पण भीती नाही वाटत."

मला राग आला होता. तीन आठवड्यांचं काम होतं. मी आधी रिव्हर्ब, म्हणजे आवाजाचं घुमणं, बदलला, मग घंटा बदलली, मग मूळ गाण्यात नसलेले खालचे तंतुवाद्यांचे सूर घालून बघितले. भीती काही येईना. उलट जेवढं भरत गेले तेवढी ती लांब गेली.

उत्तर मिळालं ते माझ्या रोजच्या कामात. एका पुस्तकाच्या वेळी मला सांगण्यात आलं होतं की वाचणाऱ्याचे सगळे श्वास काढून टाका, स्वच्छ वाटेल. मी काढले. वाक्यं शिस्तीत एकामागोमाग उभी राहिली. आणि दहा मिनिटं ऐकल्यावर मलाच छातीवर दडपण यायला लागलं. वाचणारा श्वास घेत नाही म्हटल्यावर ऐकणाराही नकळत श्वास धरून बसतो. शेवटी एकेक श्वास परत जागेवर ठेवला, थोडा हलका करून. ते काम संपवून मी आमचं गाणं उघडलं आणि ड्रम्सचा ट्रॅक स्क्रीनवर मोठा केला.

ते चित्र मी अजून विसरलेले नाही. ग्रिडच्या उभ्या रेघा सारख्या अंतरावर. प्रत्येक रेघेला चिकटून किकचा ठोका, एकसारखा उभा काळा सुळका. मग मी संगणकात जपून ठेवलेलं माझं मूळचं, न ओढलेलं वाजवणं खालच्या ट्रॅकवर आणलं. त्यात सुळका रेघेला चिकटलेला नव्हता. रेघ आणि सुळक्याचा पायथा यांच्यात एक फट होती. कुठे दहा मिलिसेकंद, कुठे पंचवीस, आणि तिसऱ्या सुरानंतरच्या ठोक्याला सगळ्यात मोठी. म्हणजे मी न ठरवता तिथे थांबत होते. गिटारचा सूर थरथरतो आहे, तो विरायची वाट बघून मगच माझा पाय पडत होता. संगणकानं त्या सगळ्या फटी बुजवल्या होत्या, आणि माझ्याच सांगण्यावरून बुजवल्या होत्या.

मग मी मूळ गाणं घेतलं आणि त्याच्यावर हातानं खुणा करायला बसले. एकेक ठोका ऐकायचा, थांबवायचं, मागे न्यायचं, खूण करायची, पुढे जायचं. दोन संध्याकाळी लागल्या. क्लिक नसलेल्या गाण्याची लय कागदावर कशी दिसते हे मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. ती सरळ रेघ नव्हतीच. रिफच्या एका फेरीत जरा ओढलेली, पुढच्यात जरा सैल, ऑझीचा आवाज येतो तिथे अंग चोरून चाललेली. आणि शेवटाकडे गाणं एकदम पळायला लागतं तेव्हा चौघं मिळून उतारावरून सुटल्यासारखे जातात. हा वेग कुणी ठरवून दिलेला नाही. चार माणसं एकमेकांच्या हातांकडे बघत वाजवतात तेव्हा तो होतो. बिल वॉर्डला जीन क्रूपासारख्या जॅझ ड्रमरांची ओढ होती, ती त्याच्या हातात शेवटपर्यंत आहे. ज्याच्या हातात झुलणारा ठेका आहे त्याला आखलेल्या रेघेवर बसवलं तर मागे उरतं काय?

आपल्याकडे गाण्याच्या बैठकीत बसलेल्याला हे वेगळं समजावायची गरज नाही. विलंबितात समेवर येताना गवई किती रेंगाळला आणि तबलजीनं त्याला किती सांभाळून घेतलं, यावर लोक घरी जाईपर्यंत बोलतात. तिथे कुणी म्हणत नाही की आता यंत्र आलं आहे, ते रेंगाळणं दुरुस्त करा.

दुसऱ्यांदा गाणं केलं तेव्हा आवाज मी अजिबात जुना केला नाही. खाली उतरवलेली गिटार तीच, चार थर तेच, किकची कड तीच. फक्त क्लिक काढून टाकला आणि हातानं केलेल्या त्या खुणांच्या नकाशावर वाजवलं, वाजवलेलं ओढलं नाही. किकच्या मागे चिकटवलेला ठोकाही प्रत्येक वेळी एकच न ठेवता हाताच्या जोराप्रमाणे हलकाभारी ठेवला. मित्राला पाठवलं. त्याचा फोन आला तेव्हा तो गाण्याबद्दल काही बोललाच नाही, म्हणाला, "परत एकदा लावतो, थांब."

म्हणून माझं म्हणणं इतकंच आहे. सूर खाली न्या, गिटार जाड करा, ड्रम्सना हवी ती कड द्या, गाणं ते सहन करतं. त्याची लय सरळ केली की ते गाणं राहत नाही. आपल्या लेखात ज्याला कमकुवत तंत्र म्हटलं आहे त्यात या दोन गोष्टींची गल्लत झाली आहे. चार ट्रॅकच्या यंत्रामुळे त्या मुलांना एकत्र वाजवावं लागलं, आणि एकत्र वाजवल्यामुळे जे झालं ते यंत्राचं व्यंग नव्हतं.

बँडनी स्वतःची जुनी गाणी नव्यानं केल्याची उदाहरणं लेखात फारशी नव्हती, ती द्यायला हवी होती. आयर्न मेडनच्या १९८० च्या पहिल्या अल्बमच्या आवाजावर त्यांचा बासवादक स्टीव्ह हॅरिस कधीच खूश नव्हता. १९८८ मध्ये त्यातली 'प्राऊलर' आणि 'शार्लट द हार्लट' ही दोन गाणी त्यांनी नंतर आलेल्या गायकाच्या, ब्रूस डिकिन्सनच्या, आवाजात पुन्हा केली आणि एका सिंगलच्या, म्हणजे एका गाण्यासाठी काढलेल्या तबकडीच्या, मागच्या बाजूला दिली. मला हा मार्ग फार सभ्य वाटतो. नवं केलं, पण ते मागच्या बाजूला ठेवलं, जुन्याच्या जागी नाही. ट्विस्टेड सिस्टरनं १९८४ चा 'स्टे हंग्री' वीस वर्षांनी 'स्टिल हंग्री' म्हणून पुन्हा केला, टेस्टामेंटनं २००१ मध्ये आपली सुरुवातीची गाणी. एक्सोडसनं १९८५ चा 'बॉन्डेड बाय ब्लड' २००८ मध्ये 'लेट देअर बी ब्लड' या नावानं केला, तोपर्यंत त्याचा मूळ गायक पॉल बॅलॉफ जाऊन सहा वर्षं झाली होती. त्या नव्या अल्बमचा आवाज मोठा आणि नेटका आहे, वादक तुफान वाजवतात. मी मात्र दर वेळी पहिल्या गाण्यानंतर जुन्याकडे जाते. बॅलॉफचं ओरडणं तालाच्या जरा पुढे धावतं, त्याला कुणी आवरत नाही, आणि मला तेच हवं असतं.

या सगळ्यांत माझं आवडतं उदाहरण अँथ्रॅक्सचं. २००४ च्या 'द ग्रेटर ऑफ टू ईव्हिल्स' मध्ये त्यांनी आपली पहिल्या काळातली गाणी जॉन बुशच्या आवाजात पुन्हा केली, आणि ती स्टुडिओत सगळ्यांनी एकत्र उभं राहून, मैफलीत वाजवावी तशी वाजवली. आवाज त्या वर्षाचा आहे, गायक वेगळा आहे, गिटारी कितीतरी जाड आहेत. पण ऐकताना खोलीत माणसं आहेत हे कळतं. माझा मुद्दा या एका अल्बमवर उभा राहू शकतो.

आणि दुसऱ्याचं गाणं घेतलेलं उदाहरण हवं असेल तर मेटॅलिकाचं १९८४ चं 'ॲम आय ईव्हिल?' आहे. मूळ गाणं डायमंड हेड या इंग्लिश बँडचं, १९८० चं. मेटॅलिकानं ते चारच वर्षांत अधिक जाड, अधिक कोरड्या आवाजात केलं आणि 'क्रीपिंग डेथ' च्या मागच्या बाजूला दिलं. माझ्यासारख्या कितीतरी जणांनी आधी मेटॅलिकाचं ऐकलं आणि मग शोधत शोधत डायमंड हेडपर्यंत गेलो. गंमत म्हणजे त्याचीही सुरुवात होल्स्टच्या 'मार्स' चीच आठवण करून देते. नवं रूप जुन्याकडे जायची वाट उघडी ठेवतं, तेव्हा मला त्याबद्दल कृतज्ञताच वाटते.

ही वाट बंद केल्याचंही उदाहरण आहे आणि ते फार दुखावणारं आहे. ऑझी ऑस्बोर्नचे, सॅबथमधून बाहेर पडल्यानंतरचे, 'ब्लिझर्ड ऑफ ऑझ' आणि 'डायरी ऑफ अ मॅडमन' हे अल्बम २००२ मध्ये पुन्हा निघाले तेव्हा बॉब डेझलीचा बास आणि ली कर्स्लेकचे ड्रम्स त्यातून पुसून टाकले होते, त्या जागी रॉबर्ट ट्रुहियो आणि माईक बॉर्डिन यांच्याकडून नव्यानं वाजवून घेतलं होतं. दोघंही उत्तम वादक, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण रँडी ऱ्होड्सची गिटार १९८०-८१ ची, तो १९८२ मध्येच गेला, आणि त्याच्याखालचा ठेका दोन दशकांनंतर दुसऱ्या माणसांनी, त्याच्यासोबत एकदाही न बसता, वाजवलेला. ऱ्होड्स ज्या ड्रमरच्या पायाकडे बघून थांबत होता तो तिथे नाही. २०११ च्या आवृत्तीत मूळ वादक परत आले. मधली नऊ वर्षं ज्या पोरांनी हे अल्बम पहिल्यांदा विकत घेतले त्यांनी ते वादक ऐकलेच नाहीत, आणि आपण ते ऐकत नाही आहोत हे त्यांच्यातल्या कितीतरी जणांना कळलंही नसेल. ड्रमर म्हणून सांगते, हा विचार मला सहन होत नाही.

आवाजाच्या पातळीबद्दलही थोडं. सगळं सतत मोठं ठेवायच्या स्पर्धेत मेटलनं स्वतःचं बरंच नुकसान करून घेतलं. मेटॅलिकाचा २००८ चा 'डेथ मॅग्नेटिक' सीडीवर इतका दाबून मोठा केला होता की आवाज फाटत होता, आणि त्याच गाण्यांची एका व्हिडिओ गेममधली आवृत्ती लोकांना जास्त मोकळी वाटली. आता बहुतेक ऐकवणाऱ्या सेवा गाण्यांची पातळी आपणहून सारखी करतात, त्यामुळे दाबून मोठं करण्यात फायदाही उरलेला नाही. तरी नवे अवतार करणारे अजून तेच करतात. सॅबथचं गाणं दबक्या आवाजात सुरू होतं म्हणून तर रिफ आल्यावर माणूस दचकतो. पाऊसच रिफएवढा मोठा केला तर दचकायचं कशाला?

आता टॉम ॲलमकडे. १९६९ मध्ये त्या चार ट्रॅकच्या यंत्रापाशी बसलेला हा माणूस. १९८० मध्ये ज्यूडास प्रीस्ट या बँडच्या 'ब्रिटिश स्टील' चा निर्माता तोच. तो अल्बम टिटनहर्स्ट पार्क या घरात केला. काच फुटल्याचा आवाज हवा होता तर दुधाच्या बाटल्या फोडल्या, यंत्रमानवांच्या पावलांसाठी काट्या-चमच्यांचा ट्रे हलवला, कारण तयार आवाजांचं भांडार तेव्हा हाताशी नव्हतं. मी एकदा हे करून बघितलं. पहिल्यांदा संगणकातला पावलांचा तयार आवाज लावला, मग ट्रे घेतला. ट्रे दर वेळी वेगळा वाजतो. एखादा चमचा उशिरा पडतो. कान त्या उशिरा पडणाऱ्या चमच्याची वाट बघायला लागतो आणि पावलं चालायला लागतात.

आणि हाच टॉम ॲलम २०१८ मध्ये ज्यूडास प्रीस्टच्या 'फायरपॉवर' चा सहनिर्माता आहे, अँडी स्नीपच्या जोडीनं. अँडी स्नीप म्हणजे ज्या घट्ट, आधुनिक आवाजाबद्दल मी इतकं लिहिलं त्याचा मोठा कारागीर. अठ्ठेचाळीस-एकोणपन्नास वर्षं मुरलेला कान आणि नव्या काळाची कड, दोन्ही एका खोलीत. जुनं विरुद्ध नवं असा जो सामना आपल्या लेखात मांडला आहे, तो या दोघांनी मांडलेला दिसत नाही. तो अल्बम पूर्ण नव्या आवाजाचा आहे आणि मी तो अनेकदा, मोठ्यानं, आनंदानं ऐकला आहे.

तेव्हा आपल्या लेखकाला माझी विनंती आहे. या विषयावर पुढे लिहाल तेव्हा नव्या अवताराचं कौतुक करताना तीन गोष्टी जरूर छापा. मूळ कुणी आणि कोणत्या साली वाजवलं होतं. नव्यात कुणी वाजवलं, की ड्रम्स संगणकात मांडले. आणि जुनं ध्वनिमुद्रण अजून मिळतं का, की नव्यानं त्याची जागा घेतली. सिनेमाच्या परीक्षणात छायालेखकाचं नाव आपण छापता, मग ड्रमरचं का नको? वाचणाऱ्या एखाद्या पंधरा वर्षांच्या मुलीला बिल वॉर्ड हे नाव आपल्या पानावर दिसलं तर ती ते शोधेल. मला ते शोधायला आठ वर्षं लागली, कारण माझ्या कॅसेटवर नुसतं पेन्सिलीनं 'सॅबथ' लिहिलेलं होतं.

आमच्या गाण्याच्या दोन्ही आवृत्त्या मी लेखकाला ऐकायला पाठवायला तयार आहे, ग्रिडवरची आणि बिनग्रिडची. एकच अट आहे. आधी १९७० चं मूळ ऐकावं, पूर्ण, पावसापासून. मग पहिली लावावी, मग दुसरी, आणि तिसऱ्या सुरानंतरचा किकचा ठोका तिन्हींत कुठे पडतो ते ऐकावं.

आपली,
एक ध्वनिसंपादक आणि ड्रमर वाचक